माडीवरचा कॅप्टन

आमच्या ऑल्डरफर्डमध्ये कोणाची काय किंमत आहे हे कळायला फार हिंडावं लागत नाही. रविवारी प्रार्थनाघरात यावं आणि कोण कुठे बसलंय ते बघावं. वय, जमीन आणि मान तिन्ही असेल तो पुढच्या बाकावर. मागे जावं तसं यातलं एकेक गळत जातं. बिनलग्नाची पोरं सगळी वर माडीवर. दर काही वर्षांनी गाव तिघांची कमिटी नेमतं आणि ती या जागा नव्यानं वाटते. मग शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही, जावा जावांची तोंडं बघत नाहीत, आणि वर्षभरानं सगळं आपोआप निवळतं.

मी ओबेड स्टर्टेवंट. कमिटीत तर होतोच, शिवाय गावाचा काठीवाला. प्रवचनात बाईमाणूस पेंगलं तर काठीच्या टोकाचं कोल्ह्याचं शेपूट हळूच गालावर फिरवायचं, आणि पोरगं पेंगलं तर दुसऱ्या टोकाचा लाकडी गोळा टाळक्यात हाणायचा. रविवारी कामाशिवाय रस्त्यानं प्रवास करणाऱ्याला अडवायचं, तेही माझंच काम. कायदाच आहे तसा. या कामात मी कधी कुचराई केली नाही, आणि गोळ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.

तर सतराशे पंचाहत्तर साल उजाडायच्या आधी, पानगळीच्या दिवसांत, पोरांना नुसता ऊत आला होता. बॉस्टनहून पत्रकं यायची. समुद्रापारच्या आमच्या राजानं हा कर लावला, तो हक्क काढून घेतला. वाचायला झणझणीत. लिहिणारा कोण म्हणून चौकशी करावी, तर कोणी तिशीही न गाठलेला वकील, कोणी कालपरवा कॉलेजातून सुटलेला डॉक्टर. बाकी गावांशी निरोपानिरोपी करणाऱ्या आमच्या पत्रव्यवहार कमिटीचा सेक्रेटरी पंचविशीतला. शेजारच्या गावानं प्रांताच्या सभेवर जो पाठवला, त्याचं पहिलं पोर अजून रांगत होतं. मी आमच्या हिला, मेहिटाबेलला, म्हटलं, "राजाशी भांडण काढलंय की लपंडाव मांडलाय या कार्ट्यांनी?"

ती सूत कातत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही म्हाताऱ्यांनी भांडण काढलं असतं, तर कोण कुठल्या बाकावर बसून भांडणार यावरच सभा मोडली असती."

मी उठून चुलीत लाकूड सारलं.

मग आलं कॅप्टन व्हीलॉकसाहेबांचं प्रकरण. साहेब साठीचे, भारदस्त, गावच्या पलटणीचे वीस वर्षं कॅप्टन. पण त्यांची सनद गव्हर्नरची, म्हणजे राजाची. गावसभेनं ठरवलं, राजाची सनद असेल त्यानं बाजूला व्हावं आणि पलटणीनं आपला कॅप्टन आपणच हात वर करून निवडावा. व्हीलॉकसाहेब घरी गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. पलटणीनं हात वर केले, आणि निवडला कोण? अझराया पेक.

वय वर्षं बावीस. हिवाळ्यात शाळेत मास्तर, उन्हाळ्यात बापाच्या शेतावर. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी भागायचं. ओठ पिळले असते तर दूध निघालं असतं. निवडून आलेल्या कॅप्टननं पलटणीला रम पाजायची, ही आमच्याकडची जुनी रीत. याच्याकडे रमला पैसे कुठले? त्यानं आईनं भाजलेला आल्याचा केक वाटला. गावच्या हिरवळीवर बंदूकवाले बाप्ये ओळीनं उभे राहून केक खातायत. बंड होतं का बारसं, काही कळेना.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या ओळीत केक खाणारा आमचा जोनास होता.

मला दोन मुलगे होते. थोरला केलब फ्रेंचांशी लढाई झाली तेव्हा व्हीलॉकसाहेबांच्या हाताखाली उत्तरेकडच्या किल्ल्यावर गेला आणि परत आला नाही. साहेब आले. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "पोरवय, ओबेड. थांब म्हटलं तरी थांबला नाही. पुढे धावला." सोळा वर्षं मी ते शब्द उराशी धरून होतो. केलबला पोरवयानं खाल्लं. आता राहिलेला एक, चोवीस वर्षांचा, तो माझ्या डोळ्यांदेखत त्याच्याहूनही लहान पोराच्या मागे निघाला होता. मला हे मंजूर नव्हतं. सरळच सांगतो, मला भीती वाटत होती.

जानेवारीत आमची जागावाटपाची कमिटी बसली. व्हीलॉकसाहेबांनी प्रार्थनेला येणंच सोडलं होतं, म्हणून पुढच्या बाकावर त्यांची जागा रिकामी. त्यात नवं कोडं. कॅप्टनचा मान पहिल्या बाकाचा. बिनलग्नाच्या बावीस वर्षांच्या पोराची जागा माडीवर. आता बिनलग्नाचा बावीस वर्षांचा कॅप्टन बसवायचा कुठे?

आम्ही तिघं, प्रार्थनाघराचा कारभार बघणाऱ्या डीकन थॅचरच्या चुलीपुढे बसलो होतो. थॅचर म्हणाला, "कॅप्टन म्हणजे पहिलं बाक. त्यात बोलायचं काय?"

"बोलायचं हे, की त्या जागेवर डोळा लावून बसलेली माझी आई मग मागेच राहणार," हायरम लूमिस म्हणाला. त्याची पाणगिरणी आहे आणि त्याची आई नव्वदीची. "तूच ये आणि तिला सांग. मी बाहेर घोडा धरून उभा राहतो."

"अरे पण पलटणीचा मान आहे."

"माझी आई पलटणीला भीत नाही."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. माझं ठरलेलंच होतं. कॅप्टनला माडीवर शाळकरी पोरांशेजारी बसवलं की महिन्याभरात पलटणीलाच लाज वाटेल, आणि वसंतापर्यंत ती पिकल्या केसांचा कोणीतरी निवडेल. मी म्हटलं, "लग्न झालं की खाली येऊ दे. तोवर माडी."

रविवारी पाद्रीसाहेबांनी नवी वाटणी वाचली तेव्हा प्रार्थनाघरात अशी कुजबुज उठली की मला काठी आपटावी लागली. अझराया उठला, माझ्या जवळून जाताना "बरं, काका," म्हणाला आणि जिना चढून वर गेला. तोंड वाकडं नाही, कपाळाला आठी नाही. याचाच मला जास्त राग आला.

घरी जोनास ताटावरून उठला. "बाबा, हे तुमचं काम आहे."

"पोर आहे, पोरांत बसेल."

"आम्ही सगळ्यांनी निवडलाय तो."

"मग तुम्ही सगळी पोरंच आहात."

"चोवीसचा आहे मी."

"तेच म्हणतोय मी," मी म्हटलं. मेहिटाबेलनं त्याच्या ताटात आणखी शेंगा वाढल्या आणि माझ्या ताटाकडे बघितलंही नाही. तिचे निकाल असेच लागतात.

महिना गेला. पलटणीला काही लाज वाटली नाही. उलट व्हायला लागलं भलतंच. पलटणीतली निम्मी पोरं माडीवरच बसायची, आता कॅप्टन त्यांच्यात. प्रवचन संपेपर्यंत वर एवढी शांतता, की माझ्या काठीला काम उरलं नाही.

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. बर्फ वितळत होतं, ओढा दुथडी भरला होता. दुपारचं प्रवचन चाललेलं. मी माडीवर चक्कर मारायला गेलो आणि बघतो तर काय, आमचे कॅप्टन कठड्याला डोकं टेकून घोरतायत. रात्रभर पलटणीसाठी दारूगोळ्याच्या पिशव्या शिवत बसला होता, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला नुसता आनंद झाला. मी गोळा उचलला आणि असा हाणला की खालच्या बाकांवर आवाज गेला. सगळी माडी फिस्सकन हसली. अझराया डोकं चोळत "माफ करा, काका," म्हणतोय, तेवढ्यात मोठं दार उघडलं. चिखलानं माखलेला एक घोडेस्वार आत आला आणि पाद्रीसाहेबांना न जुमानता ओरडला, की राजाचे लालकोटवाले शिपाई गलबतातून उतरलेत आणि ऑल्डरफर्डच्या तोफांसाठी निघालेत.

आमच्या दोन जुन्या तोफा होत्या, थॅचरच्या कोठारात, गवताखाली. हे गुपित होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

खाली बाकांभोवतीच्या कठड्यांची दारं उघडण्याची, टोप्या शोधण्याची, "तू आधी जा, मी आधी जातो," अशी धांदल. वर अझराया उभा राहिला आणि म्हणाला, "पलटण, मागच्या जिन्यानं." बस, एवढंच. माडी रिकामी झाली तेव्हा हायरम लूमिस अजून आईच्या पायाखालची शेगडी बाजूला करत होता.

धोक्याच्या वेळी म्हाताऱ्यांनीही निघायचं अशी आमच्याकडची रीत. बंदूक घरी राहिली होती, म्हणून मी काठी घेऊनच पळालो. ओढ्यावरच्या पुलापाशी पोचेपर्यंत अझरायानं चार जणांना बैल देऊन तोफा हलवायला कोठाराकडे पाठवलं होतं आणि पुलाच्या मधल्या फळ्या उचलायला लावल्या होत्या. बाकीचे ओळीनं उभे. पुढच्या ओळीत जोनास. मी जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो.

"बाबा, तुम्ही मागे व्हा."

"तू गप."

ते आले. ढोल नाही, काही नाही, नुसते बूट. पलीकडच्या काठावर थांबले. आमच्या दुप्पट तरी असतील. संगिनी खाली झाल्या, आमच्या छातीच्या रोखानं. त्यांचा अधिकारी पुढे आला, आणि मी डोळे चोळून बघितलं. तोही पोरच. एकोणीस-वीसचा. नाक गळत होतं, आणि लाल बाहीला पुसावं की नाही याचा विचार चाललेला. त्यानं आमच्या ओळीवरून नजर फिरवली, माझे पांढरे केस बघितले, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "महाशय, इथले प्रमुख आपणच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं. का येऊ नये? गावात माझ्याइतका कडक माणूस नाही. मी 'हो' म्हटलं असतं, तर त्या घटकेला पलटण माझी झाली असती. पोरांना घरी पाठवलं असतं, तोफा देऊन टाकल्या असत्या, आणि जोनास रात्री जेवायला माझ्यासमोर बसला असता. इतकं सगळं मनात येऊन गेलं.

तेवढ्यात शेजारी खट्‌ झालं. जोनासनं बंदुकीचा घोडा ओढला होता. पलीकडचा एक शिपाई काहीतरी घाण बोलला होता आणि आमच्या पोराचं रक्त तापलं होतं. मी तोंड उघडणार, त्याआधी अझराया बोलला. मोठ्यानं नाही, वर्गात मागच्या बाकाशी बोलावं तसं. "जोनास, थांब. खाली कर."

जोनास थांबला. बंदूक खाली केली. कोठाराचं दार लाव म्हणून मी घरी तीनदा सांगतो, तरी हा लावत नाही. आणि इथं एका शब्दावर थांबला.

मी अधिकाऱ्याला म्हटलं, "मी नुसता काठीवाला. कॅप्टन तो."

अधिकाऱ्यानं अझरायाकडे बघितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मला वाटतं दोघांनाही थोडं हलकं वाटलं. "राजाच्या नावानं पुलाच्या फळ्या टाका," तो म्हणाला.

"टाकल्या असत्या, साहेब," अझराया म्हणाला. "पण आज रविवार."

"मग?"

"रविवारी कामाशिवाय प्रवासाला बंदी आहे. हे काठीवाले ओबेडकाका. पलटण माझी, पण रविवारचा रस्ता यांचा. यांच्यापुढे माझंही काही चालत नाही. मघाशीच टाळक्यात घातलीय यांनी माझ्या." आणि त्यानं टोपी काढून टेंगूळ दाखवलं.

पलीकडचे शिपाईही हसले. काठी हातात होती आणि कायदा पाठ होता. मी पुढे झालो आणि विचारलं, "कुठून आलात? कुठे निघालात? कोणी आजारी आहे का घरात?"

"अहो म्हातारबुवा, राजाचं काम आहे."

"कायदाही राजाच्याच नावानं आहे. राजाचा कायदा मोडायला राजाची चिठ्ठी आणलीत का?"

त्यानं आणली नव्हती. तो चिडला, मी त्याहून चिडलो. मी त्याला रविवारच्या कायद्याची सगळी कलमं ऐकवली, पाणक्यानं किती पाणी वाहावं इथपासून. घसा बसला माझा. अझराया मध्ये मध्ये म्हणायचा, "काका, ते गाभण गायीचं राहिलं." ऊन उतरलं. वाऱ्याला धार आली. लाल कोटातली पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागली. लांब टेकडीमागे बैलांना हाकारणं ऐकू येत होतं, ते हळूहळू ऐकू येईनासं झालं.

सूर्य टेकला. आमच्याकडे तिथं रविवार संपतो. अझराया म्हणाला, "साहेब, आता तुम्हाला कोणी अडवणार नाही. फळ्या टाकतो. तुम्ही सहा जण घेऊन या, कोठार बघा, आणि बघितलं म्हणून वरती कळवा. बाकीचे तिथंच थांबू देत. आमचे इथं थांबतील. कोणाचाच हात चुकून चापावर जायला नको."

अधिकाऱ्यानं एकदाचं नाक बाहीला पुसलं आणि म्हणाला, "ठीक." तो आला, कोठारात गेला, थॅचरच्या कोंबड्या बघितल्या आणि परत गेला. जाताना अझरायाला टोपी काढून सलाम केला. बूट वाजत वाजत लांब गेले.

पोरांनी दंगा सुरू केला. टोप्या उडवल्या, जोनासनं कोणाला तरी खांद्यावर घेतलं. मी कॅप्टनला शोधलं तर तो पुलाच्या टोकाला फळीवर बसला होता, हात दोन्ही गुडघ्यांत घट्ट दाबून. मी शेजारी बसलो.

"मला वाटलं होतं, तुम्ही 'हो' म्हणाल," तो म्हणाला.

"तुला राग आला असता."

"राग? काका, मी देवाजवळ तेच मागत होतो."

"मग कॅप्टन कशाला झालास, गाढवा?"

"आधी मोठ्या माणसांनाच विचारलं होतं. थॅचरकाकांचा गुडघा दुखतो. लूमिसकाका म्हणाले, गिरणी कोण बघेल. सगळ्यांचं काही ना काही होतं."

"मला नाही विचारलंस."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तुमचा केलब गेलाय. तुम्हाला कोणत्या तोंडानं विचारणार?"

मी काठी आडवी करून मांडीवर ठेवली. मग म्हटलं, "पुढच्या वेळी ते रविवारी येणार नाहीत. आणि एवढे थोडे येणार नाहीत."

"नाही येणार."

"जोनासला परत आणशील?"

तो म्हणाला, "ते मला नाही सांगता येणार, काका. थांबवता येईल तिथं थांबवीन. आणि मी त्याच्या पुढे असेन. याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईल."

केलब निघाला तेव्हा व्हीलॉकसाहेबांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. म्हणाले होते, परत आणून तुझ्या दारात उभा करीन, हा माझा शब्द. किती गोड वाटलं होतं ऐकायला. त्या शब्दाच्या भरवशावर मेहिटाबेल आणि मी अख्खा उन्हाळा निवांत झोपलो होतो.

मी गुडघ्यावर हात टेकून उठलो. जोनासला हाक मारून सांगितलं, "कॅप्टनला जेवायला घरी घेऊन ये. आईला म्हणावं, शेंगा जरा जास्त वाढ." घरापर्यंत मी त्या दोघांच्या मागून चालत आलो. अशा माणसाच्या हाती पोर द्यायला हरकत नाही, एवढं मला त्या संध्याकाळी पटलं. द्यावंसं वाटलं, असं मात्र मी अजूनही म्हणणार नाही.